गुलाबी बाटलीकडून किती अपेक्षा ठेवावी: कॅलामाइन लोशनचे परीक्षण

कॅलामाइन लोशनने कांजिण्या बऱ्या होत नाहीत, पण कांजिण्या झालेल्या मुलाला रात्री झोप लागते, आणि तेवढ्या एका गुणासाठी ही बाटली घरात असावी, असे माझे मत आहे. गुहागर तालुक्यातील समुद्रालगतच्या एका वाडीत, एकत्र कुटुंबात, मुलांच्या कांजिण्यांपासून आत्याच्या नागिणीपर्यंत निरनिराळ्या विषाणूजन्य पुरळांवर हे लोशन वापरून हे मत बनले आहे. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नाही, कारण आमच्या घरी आलेल्या बाटल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या आणि मूळ गुणात त्यांत फारसा फरक जाणवला नाही. फरक होता तो त्यांत मिसळलेल्या इतर द्रव्यांचा, आणि तो मात्र महत्त्वाचा आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पोटात घेण्याच्या औषधांविषयी पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांकडे कधी आणि का जावे हे कळण्यापुरतेच समजावे.

कोकणात कांजिण्यांचा हंगाम आणि शिमगा जवळजवळ बरोबरच येतात. थंडी सरता सरता हा आजार वाढू लागतो आणि नेमक्या त्याच दिवसांत चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात, पालखी घरोघर नाचते, ओटीवर आणि माजघरात अंथरुणाला अंथरूण लागते. अंगावर पुरळ उठण्यापूर्वी एकदोन दिवसांपासूनच मूल हा संसर्ग देऊ लागते, त्यामुळे पुरळ दिसल्यावर त्याला वेगळ्या खोलीत ठेवून घरातील इतर मुले हमखास वाचतीलच असे नाही. आमच्याकडे मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या पाठीवर लाल ठिपके उठले आणि दुसऱ्या दिवशी त्यांत पाणी भरले. पाहुणे परतले, सामसूम झाली, आणि साधारण दोन आठवड्यांनी घरच्या मुलीच्या पोटावर पहिला फोड दिसला. विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही तिच्यासाठी बाटली आधीच आणून ठेवली होती, आणि खरे परीक्षण तेव्हापासून सुरू झाले.

बाटलीत काय असते ते आधी पाहू. कॅलामाइन ही मुळात जस्ताची भुकटी आहे. झिंक ऑक्साइडमध्ये अल्प प्रमाणात फेरिक ऑक्साइड, म्हणजे लोहाचे ऑक्साइड, मिसळलेले असते आणि गुलाबी रंग त्याचाच असतो. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. म्हणूनच बाटली काही वेळ ठेवली की तळाशी गाळ आणि वर पाणी असे दोन थर होतात, आणि लेबलवर ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ असे छापलेले असते. ही सूचना न पाळल्यास सुरुवातीचे दिवस नुसते पाणी लागते आणि शेवटी तळाचा चिखल उरतो. ब्रिटिश औषधकोशातील जुन्या कृतीत १५ टक्के कॅलामाइन, ५ टक्के झिंक ऑक्साइड, ५ टक्के ग्लिसरॉल, गाळ लवकर बसू नये म्हणून बेंटोनाइट माती आणि अर्धा टक्का द्रवरूप फिनॉल असते. आपल्या बाजारात ८ टक्के कॅलामाइन आणि त्याच्या जोडीला द्रव पॅराफिन किंवा कोरफड असलेली लोशनेही पुष्कळ मिळतात. पॅराफिनचे लोशन अंगावर मऊ बसते, पांढरट पापुद्रा धरत नाही आणि कोरड्या कातडीला बरे वाटते. पण ओल्या, पाझरणाऱ्या फोडांवर मला जुन्या पद्धतीचे, पाण्यासारखे, सुकल्यावर भुकटी मागे ठेवणारे लोशनच अधिक पसंत पडले.

दोन प्रकारच्या बाटल्यांपासून मात्र दूर राहावे. पहिली, चेहऱ्याचा तेलकटपणा घालवण्यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर ठेवलेली, सुगंध घातलेली. ती वाईट नसते, पण ती या कामासाठी नाही आणि फोडांवर सुगंधी द्रव्य झोंबण्याची शक्यता असते. दुसरी अधिक जपून टाळण्याजोगी आहे, कारण तिच्यात कॅलामाइनबरोबर डायफेनहायड्रामिन हे खाजेचे औषध मिसळलेले असते. एखाद्या किड्याच्या चाव्यापुरते ते चालते, परंतु कांजिण्यांत अंगभर फुटलेल्या कातडीतून ते रक्तात शिरून लहान मुलांना भ्रम आणि अस्वस्थता झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि त्यातच पोटातूनही खाजेचे औषध चालू असेल तर मात्रा दुप्पट होते. लेबलवरील बारीक अक्षरे दुकानातच वाचावीत. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळतो, कारण आमच्या हवेत या लोशनचे वागणे निराळे आहे. कॅलामाइन लावल्यावर जो गारवा वाटतो तो बहुतांशी त्यातील पाण्याची वाफ होण्यामुळे असतो. घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत ते बघता बघता वाळते. चैत्र-वैशाखात समुद्रकाठच्या दमट हवेत ते तितके लवकर वाळत नाही, वर घाम येतो, लेप ओघळतो आणि मुलाच्या बगलेत व मांडीच्या घडीत त्याचा चिकट राडा होतो. यावर आम्हाला सापडलेला मार्ग असा, की आधी अंग गार पाण्याने धुऊन मऊ सुती पंच्याने हलकेच टिपून घ्यायचे, मुलाला पंख्याखाली बसवायचे आणि मगच अगदी पातळ हात द्यायचा. जाड थर दिल्याने गारवा वाढत नाही. उलट आतले ओले तसेच राहते आणि वरचा पापुद्रा तडकून स्वतःच खाजवू लागतो. वीज गेली की निम्मी परिणामकारकता गेली असे समजावे, आणि आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाच्या दिवसांत, वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने विंझणा हाताशी ठेवणे हा उपचाराचाच भाग होता. बाटली फ्रीजच्या दारात ठेवल्यास पहिला स्पर्श अधिक सुखद होतो. ती गोठू मात्र देऊ नये.

लावण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण घाईत ती चुकते. लोशन एका वाटीत थोडे ओतून घ्यावे आणि कापसाचा बोळा त्यात बुडवून फोडांवर नुसता टेकवावा, चोळू नये. बोळा पुन्हा बाटलीच्या तोंडाशी नेऊ नये, नाहीतर फोडातील पाणी बाटलीत जाते. उरलेले वाटीतले लोशन फेकून द्यावे. डोळ्यांच्या पापण्या, ओठांची आतली बाजू आणि जननेंद्रियाचा नाजूक भाग सोडून द्यावा. खाजवून उघड्या झालेल्या जखमेवर ते थापू नये. दिवसातून तीनचार वेळा पुरते, आणि प्रत्येक आंघोळीला आधीचा थर पूर्ण धुऊन काढावा. या शेवटच्या गोष्टीवर मी भर देतो, कारण गुलाबी पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेला की खालची कातडी दिसेनाशी होते, आणि कांजिण्यांत खरी नजर ठेवायची असते ती कातडीवरच. एखाद्या फोडाभोवतीची लाली पसरू लागली, जागा गरम आणि टणक लागली, पू दिसला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर त्या जागी जिवाणूंनी शिरकाव केलेला असू शकतो आणि तेव्हा डॉक्टरांकडेच जावे लागते.

या रीतीने वापरल्यावर गुण किती आला? अर्धा तास, कधी तासभर खाज निश्चितपणे कमी होत असे. ती पूर्ण थांबली असे कधी झाले नाही. कॅलामाइनच्या परिणामाविषयी भक्कम चाचण्या फारशा झालेल्या नाहीत आणि त्याची प्रतिष्ठा मुख्यतः दीर्घकाळच्या वापरावर उभी आहे, ही गोष्ट खरेदीपूर्वी ठाऊक असलेली बरी. मुलीच्या बाबतीत रात्री झोपण्यापूर्वी दिलेला हात सर्वांत उपयोगी पडला. त्याच वेळी डॉक्टरांनी वजन पाहून पोटातून खाजेचे औषध दिले होते, त्यामुळे झोपेचे श्रेय एकट्या बाटलीला देणे न्यायाचे होणार नाही. नखे अगदी मुळापासून कापणे आणि रात्री हातांत सुती मोजे घालणे या बिनखर्चाच्या उपायांनी व्रण टाळण्याचे जितके काम केले तितके कोणत्याही लोशनने केले नसते. फोडांवर खपल्या धरू लागल्यावर कॅलामाइन बंद करावे हे उत्तम, कारण त्याचा सुकवण्याचा गुण तेव्हा अवगुण ठरतो. खपल्या ताणल्या जातात आणि मूल त्या ओढते. त्या टप्प्यावर साधे पेट्रोलियम जेली किंवा घरचे खोबरेल तेल पातळ लावलेले बरे.

गुणांची यादी इथे संपते, आणि ज्यांच्यावर ही बाटली काहीच करत नाही त्या गोष्टी सुरू होतात. ताप हा पहिला. त्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल हेच योग्य आहे. अॅस्पिरिन कांजिण्या झालेल्या मुलाला कधीही देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होण्याचा धोका असतो. आयबुप्रोफेनही टाळावे, कारण कांजिण्यांत त्याचा संबंध कातडीखालील गंभीर जिवाणू संसर्गाशी आढळला आहे. घरातल्या डब्यात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेले सरबत पुष्कळदा पडलेले असते, ते ‘तापाचेच आहे’ म्हणून पाजू नये. मूल सुस्त पडून उठवल्यावरही ओळख देत नसेल, चालताना तोल जात असेल, सारख्या उलट्या होत असतील, मान ताठली असेल किंवा धाप लागत असेल, तर लोशनचा विचार बाजूला ठेवून वाहन बोलवावे.

दुसरी गोष्ट मोठ्या माणसांच्या कांजिण्यांची. ‘लहानपणी राहून गेल्या, आता होऊन जातील’ असे म्हणून त्या अंगावर काढण्याची रीत आहे, पण मोठ्या वयात हाच आजार जड जातो आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना. मोठ्यांसाठी असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या असतात, आणि पुरळ उठल्यापासून पहिल्या २४ तासांत त्या सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग होतो. म्हणून मोठ्या माणसाने पहिल्या दिवशी बाटली आणायला जाऊ नये, डॉक्टरांकडे जावे. बाटली वाटेत मिळते. आमच्या घरी तेव्हा वहिनी गरोदर होत्या, आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी मुलीला तपासण्याआधी पहिला प्रश्न घरात गरोदर बाई आहे का, हाच विचारला. वहिनींना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे त्यांच्या आईने खात्रीने सांगितले तेव्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईला पुरळ उठले तर नवजात बाळाला फार मोठा धोका असतो, ही माहिती प्रत्येक एकत्र कुटुंबात असायला हवी.

घरगुती उपायांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण आमच्याकडच्या वाचकांना अपुरे वाटेल. आजीच्या मते घरात ‘बाय’ आली, म्हणजे कांजिण्या आल्या, की फोडणी द्यायची नाही, मासे आणायचे नाहीत, आंघोळ घालायची नाही आणि उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा. देवीच्या रोगाच्या काळापासून चालत आलेले हे नियम आहेत. तो रोग १९८० साली जगातून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, तरी त्याचे सोवळे कांजिण्यांनी वारशाने घेतले. यांतील काही गोष्टींचे मला कौतुक वाटते, कारण बाय आलेल्या घरी कोणी येऊ-जाऊ नये हा दंडक म्हणजे उत्तम विलगीकरणच आहे आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत तो पाळलाच पाहिजे. कडुनिंब आमच्या पावसाळी पट्ट्यात देशावरच्या इतका सर्रास नाही, त्यामुळे पाला शोधण्यातच माणसे दमतात. त्याचे पाणी अंगावर घेण्यास हरकत नाही, पण पाल्याने फोड झाडणे मात्र टाळावे, कारण त्याने ते फुटतात. आंघोळ न घालण्याचा नियम मला मान्य नाही. घामाने खाज वाढते आणि मळाने फोड चिघळतात, म्हणून रोज गार किंवा कोमट पाण्याची, न चोळता केलेली आंघोळ हवीच, आणि कॅलामाइनचा गुणही अशा धुतलेल्या अंगावरच येतो. खाण्यात तोंडातल्या फोडांचा विचार करावा: उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, शहाळ्याचे पाणी चालते; एरवी कितीही प्रिय असली तरी सोलकढी त्या दिवसांत जिभेला झोंबते. माशांचा आणि फोडांचा काही संबंध नाही, पण आजीशी या मुद्द्यावर वाद घालण्यात मी वेळ दवडला नाही.

सर्व पुरळे कांजिण्यांची नसतात, आणि इथे बाटलीचा एक अप्रत्यक्ष तोटा आहे: ती सहज हाताशी असल्यामुळे कोणत्याही पुरळावर गुलाबी लेप चढतो आणि डॉक्टरांना दाखवायचे असते तेच झाकले जाते. गोवरात आधी ताप, खोकला, लाल डोळे असतात आणि मग पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरते. तिथे कॅलामाइनला काही काम नाही, तिथे जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस लागतात आणि आरोग्य केंद्राला कळवावे लागते. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली होती, आणि मुंबईत जे येते ते कोकणकन्येने आमच्याकडेही येऊ शकते. पावसाळ्यात अंगणवाडीतून येणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या आजारात तळहात, तळपाय आणि ढुंगणावर फोड येतात, पण खरा त्रास तोंडात असतो. मूल पाणी पीत आहे ना आणि लघवी होते आहे ना, एवढेच पाहायचे असते. त्यानंतर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखे निघून येतात, तेव्हा घाबरू नये, ती परत वाढतात. डेंग्यूतही ताप उतरताना अंगावर लाली उठते आणि तळहात-तळपायांना विलक्षण खाज सुटते. त्या खाजेवर कॅलामाइन थोडे सुख देते, परंतु ताप उतरण्याचाच काळ डेंग्यूत सर्वांत नाजूक असतो, त्यामुळे पोटात दुखणे, उलट्या, हिरड्यांतून रक्त यांवर नजर ठेवणे आणि रक्ताची तपासणी करणे हे लोशनच्या कितीतरी आधी येते.

या बाटलीची सर्वांत मोठी परीक्षा आत्याच्या नागिणीने घेतली, आणि त्यात ती जवळजवळ नापास झाली. आत्याला आधी उजव्या बरगडीखाली आग आणि टोचल्यासारखे दुखू लागले. कोणाला ते पित्त वाटले, कोणाला लचक. मग त्याच पट्ट्यात फोडांचे घोस उठले. कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो, आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा कातडीवर येतो, तीच नागीण. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्यामुळे पट्टा बहुधा छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आमच्या वाडीत अजून जिवंत आहे आणि ती जुळू नयेत म्हणून गेरूचा लेप देणारे जाणकारही आहेत; बहुतेकांच्या बाबतीत तोंड-शेपूट जुळतच नाही, त्यामुळे लेपाला यश आपोआप मिळते.

गेरूच्या लेपाने थेट अपाय होतो असे मी म्हणत नाही. अपाय होतो तो वेळेचा. नागिणीवरील विषाणूरोधक गोळ्या, म्हणजे असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर, फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोगी पडतात. फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचे दुखणे कमी होते. असायक्लोव्हिरची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, अशी असते, आणि मूत्रपिंडाचा त्रास असल्यास ती डॉक्टरांना कमी करावी लागते, म्हणून ती कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये. हे तीन दिवस गेरूत जातात तसेच ते गुलाबी लोशनमध्येही जातात, आणि या बाबतीत आधुनिक बाटली जुन्या लेपापेक्षा तसूभरही श्रेष्ठ नाही. आत्याला फोडांची वरवरची खाज कॅलामाइनने थोडी शमली. आतली आग मात्र तंतूतली होती आणि तिच्यापर्यंत कोणतेही वरचे लोशन पोहोचणे शक्य नव्हते. त्या वेदनेसाठी डॉक्टर वेगळी औषधे देतात, आणि उतारवयात फोड बरे झाल्यावरही ती वेदना महिनोन्‌महिने राहू शकते. नागीण कपाळावर किंवा डोळ्याभोवती उठली, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळा धोक्यात असतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागते. त्या भागावर कॅलामाइन लावूच नये. फोड सुकेपर्यंत पट्टा सैल सुती कापडाने झाकून ठेवावा, कारण त्यातील पाण्याचा संसर्ग झाल्यास ज्यांना कधी कांजिण्या झाल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

याच निमित्ताने औषधांच्या दुकानांविषयीही लिहिणे भाग आहे. तालुक्याच्या गावातील एका दुकानात, ज्याचे नाव मी देत नाही, आत्याचे फोड न पाहताच ‘खाजेचे आहे ना’ असे म्हणून स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम पुढे केले गेले. विषाणूच्या फोडांवर असे स्टिरॉइड मलम लावल्यास लाली क्षणभर दबते आणि संसर्ग मात्र फोफावू शकतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सवलत काढून घेतली, तरी फळीवरून काउंटरवर यायला त्यांना अजून चिठ्ठी लागत नाही, हा अनुभव अनेकांचा असेल. दुसऱ्या एका ठिकाणी असायक्लोव्हिरचे मलम ‘नागिणीचे हेच औषध’ म्हणून दिले जात होते. नाव बरोबर आणि रूप चुकीचे असा हा प्रकार आहे, कारण नागिणीत आणि कांजिण्यांत गोळ्याच लागतात. मलमाचा थोडाफार उपयोग ओठांवर ‘जर’, म्हणजे बारीक फोड, उठतात तेव्हा होतो. या दोन ट्यूबांच्या तुलनेत कॅलामाइन देणारा दुकानदार मला कितीतरी प्रामाणिक वाटतो, कारण त्याच्या बाटलीने गुण आला नाही तरी नुकसान होत नाही. चांगले दुकान कोणते, याची माझी कसोटी एवढीच की फोड एकाच बाजूला आहेत का आणि रुग्णाचे वय काय, हे दोन प्रश्न दुकानदार विचारतो की नाही.

किमतीचा मुद्दा थोडक्यात संपवतो: १०० मिलिलिटरची बाटली दोन चांगल्या पापलेटांहून पुष्कळ स्वस्त पडते, आणि एका मुलाच्या संपूर्ण कांजिण्यांना पातळ हाताने लावल्यास ती बहुधा पुरते. खरा खर्च आणि खरी बचत लसीत आहे. कांजिण्यांची लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तिच्या दोन मात्रा सुचवते, पण गोवर-रुबेलाच्या लसीप्रमाणे ती सरकारी लसीकरणात मोफत मिळत नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. आमच्याकडच्या बऱ्याच आईवडिलांना ती अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते. मुलीच्या धाकट्या भावाला संपर्क आल्यावर लगेच, पहिल्या काही दिवसांतच, ती टोचून घेतली. अशा वेळीही ती आजार टाळू किंवा सौम्य करू शकते. नागिणीसाठी पन्नाशीनंतर घ्यायची वेगळी लस २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे, दोन मात्रांत घ्यावी लागते, आणि आत्याचे दुखणे पाहिल्यावर वडिलांनी तिची चौकशी सुरू केली आहे.

तेव्हा गुण द्यायचे झाल्यास, कांजिण्यांच्या पहिल्या चारपाच दिवसांतील खाजेसाठी मी या लोशनला पाचपैकी चार देईन, डेंग्यूनंतरच्या खाजेसाठी तीन, नागिणीसाठी एक, आणि गोवर व तोंडातल्या फोडांसाठी शून्य. घ्यायची असल्यास मोठ्या तोंडाची, साधी, सुगंध नसलेली, डायफेनहायड्रामिन नसलेली बाटली घ्यावी, उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, आणि एका रुग्णाच्या वापरातून उरलेली बाटली दुसऱ्याला न देता टाकून द्यावी. पावसाळ्यात झाकणाभोवती गुलाबी पूड जमून ते घट्ट बसते. ते जोराने पिळण्याआधी ओल्या फडक्याने पुसावे, नाहीतर बाटली हातातून निसटते आणि सारवलेल्या जमिनीवर पडलेला डाग लवकर निघत नाही.